तू फक्त ओठ हलव

काटेसाहेबांनी गाणं शिकायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या बायकोने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग तिने गॅस बारीक केला, समोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "आता नीट सांगा. कोण गाणार आहे?"

"मी."

"कुठे?"

"शाळेत."

बायकोने पुन्हा कपाळाला हात लावला.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची सगळी हयात गेली होती, आणि दुकानदारांनी दिलेलं हे नाव पुढे इमारतीतल्या लोकांनीही उचललं होतं. दुकानात शिरायचं, तराजूचा काटा बघायचा, झिजलेली वजनं बाजूला काढायची आणि "कमी भरतंय" असं शांतपणे म्हणायचं, हे त्यांचं काम. ते त्यांना इतकं अंगवळणी पडलं होतं की घरी आल्यावर ते स्वतःलाच काट्यावर चढवत. आणि तिथे तर ते रोजच कमी भरत. कोणी म्हणालं, शर्ट छान आहे, तर हे म्हणणार, "सेलमधला आहे, एकदा धुतला की कळेल." कोणी म्हणालं, तब्येत बरी दिसतेय, तर म्हणणार, "सूज असेल." एकदा खात्याच्या समारंभात उत्कृष्ट निरीक्षक म्हणून त्यांचं नाव पुकारलं, तर हे उभे राहून म्हणाले, "काहीतरी गफलत झाली असावी." साहेबांनी खरोखरच यादी पुन्हा तपासली. गफलत झाली नव्हती, पण टाळ्यांची वेळ निघून गेली ती गेलीच.

लेकीला याचं फार वाईट वाटायचं. तिची नोकरीच अशी होती की मोठमोठ्या कंपन्यांत जाऊन तिथल्या लोकांना स्वतःविषयी चांगलं बोलायला शिकवायचं. परक्यांना शिकवते आणि घरचं भांडं गळतंय, ही तिची खंत. दर रविवारी फोनवर ती बजावायची, "बाबा, सकाळी आरशासमोर उभं राहायचं, स्वतःच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, मला मी आवडतो." काटेसाहेब आज्ञाधारक माणूस. त्यांनी दाढी करताना आरशात पाहिलं आणि म्हणाले, "मला मी... म्हणजे, माझी तशी काही तक्रार नाही." तेवढ्यात हनुवटीला पातं लागलं. पुढचे काही दिवस हनुवटीवर पट्टी होती आणि विचारणाऱ्याला ते सांगत, "चांगला विचार करायला गेलो होतो."

अशा माणसाने गायचं म्हणजे काय! पण त्याला कारण होतं. त्यांच्या शाळासोबत्यांच्या मोबाइलवरच्या गटात ढोलने निरोप टाकला होता. ढोल म्हणजे वर्गातला सगळ्यात गोल आणि सगळ्यात आवाजी मुलगा. आता नातवंडांचा आजोबा झाला असला तरी ढोलच. शाळेचं जुनं सभागृह पाडणार होते. त्याआधी तिथे एक शेवटचा मेळावा, आणि मेळाव्यात जुन्या गायनपथकाने रंगमंचावर उभं राहून शाळेचं गाणं म्हणायचं. पायपेटीवर साक्षात गाण्याच्या बाई. खाली ढोलने लिहिलं होतं, "रांग तीच, जागा तीच. कोणीही दांडी मारायची नाही."

'रांग तीच, जागा तीच' हे वाचून काटेसाहेबांच्या तोंडात एकदम पेपरमिंटची चव आली.

त्याचं असं झालं होतं. सातवीत असताना शाळा गायनाच्या स्पर्धेत उतरली होती. मधल्या सुट्टीत बाईंनी त्यांना पेटीच्या खोलीत बोलावलं. ती खोली जिन्याखाली होती. तिथे जुन्या नकाशांचा आणि लाकडाच्या पॉलिशचा वास यायचा. बाई तेव्हा अगदी तरुण होत्या, नव्यानेच लागलेल्या. त्यांनी हातावर पेपरमिंटची एक गोळी ठेवली आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "बाळ, तू शेवटच्या रांगेत उभा राहा आणि फक्त ओठ हलव. चेहरा मात्र छान ठेव. हे आपल्या दोघांतच हं." त्यांनी ओठ हलवले. असे काही मनापासून हलवले, की परीक्षकांनी निकाल सांगताना शेवटच्या रांगेतल्या त्या मुलाच्या हावभावांचं खास कौतुक केलं. शाळेला कप मिळाला. टाळ्या झाल्या. सगळ्यांनी पाठीवर थापा मारल्या आणि हा मुलगा घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडला.

तेव्हापासून कुठेही शाबासकी मिळाली की त्यांना वाटे, झालं, आपण पुन्हा नुसते ओठ हलवले. परीक्षा पास झाले तेव्हा तेच वाटलं, नोकरी लागली तेव्हा तेच. लग्नात फोटोग्राफर "हसा" म्हणाला तेव्हाही तेच. हे त्यांनी आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. बाईंना शब्द दिला होता ना!

त्या संध्याकाळी मात्र त्यांनी ते बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून तुम्ही लेकीला झोपवताना वजनांची कोष्टकं म्हणायचात?"

म्हणायचे खरे. लेक लहान असताना रडायला लागली की काटेसाहेब तिला खांद्यावर टाकून खोलीभर फिरायचे आणि एका सुरात, म्हणजे कुठल्याच सुरात नाही अशा आवाजात म्हणायचे, "दहा मिलिग्रॅम म्हणजे एक सेंटिग्रॅम, दहा सेंटिग्रॅम म्हणजे एक डेसिग्रॅम..." किलोग्रॅमपर्यंत पोर गाढ झोपलेलं असायचं. लोक अंगाई गातात हे त्यांना माहीत होतं. पण आपल्या आवाजाने मूल बिघडेल अशी त्यांना भीती वाटायची.

"मला वाटायचं, तुम्हाला नोकरीचा फार अभिमान आहे," बायको म्हणाली.

"एकदा, फक्त एकदा, मला बाईंसमोर आवाज काढून ते गाणं म्हणायचंय," काटेसाहेब म्हणाले. "बरोबर. सुरात. म्हणजे मग ते जे काय होतं ते मिटेल."

"मग म्हणा की. आत्ता म्हणा."

काटेसाहेबांनी घसा साफ केला आणि पहिली ओळ म्हटली. "उघडा दारे, उघडा खिडक्या..." बायको उठली आणि तिने दारं-खिडक्या लावून घेतल्या. मग वळून म्हणाली, "सराव लागेल."

सरावाला पहिला अडथळा आला तो इमारतीच्या सेक्रेटरींचा. सेक्रेटरी हे गृहस्थ नियमांचे इतके पक्के होते, की स्वतःच्या घरची बेल वाजवतानाही आधी घड्याळ बघत. त्यांचं म्हणणं, इमारतीत आवाज करायचा तर परवानगी हवी आणि परवानगी हवी तर अर्ज हवा. अर्जात आवाजाचं कारण लिहायला जागा होती आणि कारणं तीनच होती: समारंभ, पाळीव प्राणी आणि दुरुस्ती.

"यात गाणं कुठे बसतं?" काटेसाहेबांनी विचारलं.

"गाणं समारंभात बसतं. पण समारंभाला पाहुणे लागतात. पाहुणे आहेत?"

"नाहीत."

"मग पाळीव प्राणी?"

"अहो, मी गाणार आहे."

सेक्रेटरींनी त्यांच्याकडे आपादमस्तक पाहिलं, विचार केला आणि म्हणाले, "दुरुस्तीत घालू." अशी दुरुस्तीची परवानगी मिळाली. सुट्टीच्या दिवशी, सकाळच्या वेळात, आणि अट अशी की काम झाल्यावर पडलेला राडारोडा ज्याचा त्याने उचलायचा. सूचनाफलकावर तसा कागदही लागला. पहिल्याच दिवशी वरच्या मजल्यावरून निरोप आला, नळाचं काम चालू असेल तर आमचाही एक वॉशर बघून घ्या.

शेजाऱ्यांना कुणकुण लागली आणि सल्ल्यांचा पूर आला. एकाने कोमट पाणी सांगितलं, दुसऱ्याने गार पाणी. समोरच्या आजींनी सांगितलं, तोंडात पाणी धरून गायचं, आवाज गोल होतो. काटेसाहेबांनी तेही करून पाहिलं. आवाज गोल झाला की नाही ठाऊक नाही, पंचांग मात्र भिजलं. नाही, पंचांग नव्हे, वीजबिल. बायको पुढे ही गोष्ट सांगताना दरवेळी वस्तू बदलते.

मग आल्या तळमजल्यावरच्या दंतवैद्यबाई. बोलायला फार गोड बाई. त्यांनी आधी काटेसाहेबांच्या दातांची चौकशी केली, मग हळूच मुद्द्याला हात घातला. "काका, तुम्ही गाता ना, ते खाली माझ्या दवाखान्यात ऐकू येतं."

"फार वाईट वाटतं का?"

"नाही हो, आवाज खणखणीत आहे. पण बाहेर बसलेल्या पेशंटना वाटतं, आत माझ्यासमोर कोणीतरी खुर्चीत आहे. आज तिघं उठून गेले. एकाची दाढ तर कमालीची दुखत होती, तो म्हणाला, अचानक थांबली."

काटेसाहेबांनी त्यांची हात जोडून माफी मागितली आणि त्या दिवसापासून घरचा सराव बंद केला. बायको म्हणाली, "दुखणं थांबलं म्हणाला ना तो? मग त्यात वाईट काय?" पण त्यांच्या कानात फक्त "तिघं उठून गेले" एवढंच राहिलं. कमी भरल्याचा आकडा त्यांना नेहमीच नीट ऐकू येई.

आता उरलं ऑफिस. वजनमापे कार्यालयात मागच्या बाजूला एक खोली आहे. तिथे खात्याची मूळ वजनं मखमलीत ठेवलेली असतात. वारा येऊ नये म्हणून तिच्या खिडक्या कायम बंद, भिंती जाड. काटेसाहेब जेवणाच्या सुट्टीत तिला लागून असलेल्या सामानाच्या खोलीत जाऊन, कपाटाकडे तोंड करून गाऊ लागले. कोणाला त्रास नाही, कोणाला ऐकू जाणं नाही. आठवडा छान गेला. "सकाळ आली अंगणी" यातली 'सकाळ' जरा उंच होती, तिथे ते टाचा उचलून पोचायला बघत.

इकडे वजनांच्या खोलीत एक वेगळंच प्रकरण उभं राहिलं होतं. काचेच्या पेटीतला नाजूक तराजू जेवणाच्या सुट्टीत स्थिर होईना. काटा मध्येच थरथरायचा, थांबायचा, पुन्हा थरथरायचा. तिथल्या सहकाऱ्याने साहेबांना कळवलं, इमारतीत कंपनं आहेत. साहेबांनी बांधकाम खात्याला कळवलं. बांधकाम खात्याने, एरवी ज्याला गळकं छप्पर दिसायला तीन पावसाळे लागतात, या वेळी ताबडतोब अभियंता पाठवला. तो आला, हातोडीने सगळ्या भिंती ठोकून गेला, जिन्याला कान लावून बसला. अहवाल आला: कंपनाचा उगम आढळला नाही, तथापि पश्चिमेच्या भिंतीत ओल आहे. आता जमीन खणून पाया बघायचा असं ठरलं. अंगणात कुदळ-फावडी येऊन पडली, तेव्हा काटेसाहेबांना राहवेना. ते साहेबांच्या खोलीत गेले.

"सर, पाया खणू नका. ते कंपन मी आहे."

साहेबांनी चष्मा काढला. काटेसाहेबांनी सगळं सांगितलं. साहेब खिडकीबाहेरच्या फावड्यांकडे बघत म्हणाले, "लेखी द्या."

स्वतःच्या आवाजाबद्दलचा खुलासा लेखी द्यायची वेळ त्या खात्यात आजवर कोणावर आली नव्हती. "वरील विषयास अनुसरून नम्रपणे निवेदन करतो की 'सकाळ' या शब्दावर माझा आवाज अनवधानाने वाढत असे." हे वाक्य लिहिताना काटेसाहेबांचे कान लाल झाले होते. खाली त्यांनी उगाचच आणखी एक ओळ लिहिली: "मुळात माझा आवाज चांगला नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे." साहेबांनी ती ओळ वाचली, लाल पेन उचललं आणि खोडली. "याची गरज नाही," ते म्हणाले. "तक्रार कंपनाची होती, आवाजाची नव्हती."

शेवटी गाण्याचा क्लास. मास्तरांनी त्यांना नवशिक्यांच्या वर्गात बसवलं. वर्गात दोघंच: हे, आणि बसमधून निवृत्त झालेल्या एक कंडक्टरबाई. या बाईंनी सगळं आयुष्य "पुढे सरका" असं ओरडून काढलं होतं आणि आता त्यांना, त्यांच्याच शब्दांत, जरा मऊ काहीतरी ओरडायचं होतं. त्या चुकायच्या आणि खो-खो हसायच्या. काटेसाहेब चुकायचे आणि माफी मागायचे. मास्तरांची, कंडक्टरबाईंची, एकदा तर सतरंजीचीसुद्धा.

"मास्तर, खरं सांगा, माझा सूर लागतो का?"

"लागतो हो," मास्तर म्हणाले. "फक्त रस्ता चुकून येतो, आणि आला की थांबत नाही."

जाताना जिन्यात कंडक्टरबाईंनी त्यांना गाठलं. "साहेब, तुम्ही फार हळू चुकता. अर्ध्या तोंडाने. असं चुकून काय उपयोग? चुकायचंच तर दारापासून मागच्या सीटपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

"आणि लोक हसले तर?"

"हसले की सुटे पैसे लवकर काढतात, माझा अनुभव आहे."

मेळाव्याचा दिवस उजाडला. काटेसाहेबांनी तो सेलमधलाच शर्ट घातला. बायको बरोबर होती, आणि लेक परस्पर येऊन प्रेक्षकांत बसली होती, मांडीवर तिची तान्ही पोर.

सभागृहात पाऊल ठेवलं आणि काटेसाहेबांचा पाय दारातच घुटमळला. किती लहान झालं होतं ते! ज्या रंगमंचावर चढताना धाप लागायची, तो आता कमरेएवढाही नव्हता. खिडक्यांच्या पितळी मुठी तशाच होत्या, मुलांच्या हातांनी मधोमध पिवळ्या झालेल्या. कोपऱ्यातल्या बाकावर कोणीतरी खिळ्याने कोरलेलं जहाज अजून बंदराला लागलं नव्हतं. काचेच्या कपाटात तो कप होता. आठवणीत तो घागरीएवढा होता. पाहिला तर दुधाच्या पेल्याएवढा. एवढ्याशा पेल्यासाठी आपण एवढं रडलो, असं त्यांच्या मनात आलं आणि त्या मुलाची त्यांना पहिल्यांदाच दया आली.

पथक रांगेत उभं राहू लागलं. टक्कल, गुडघेदुखी, केसांचे कलप, सगळं जिथल्या तिथे. शेवटच्या रांगेत काटेसाहेबांच्या एका बाजूला ढोल आणि दुसऱ्या बाजूला बांबू. बांबू म्हणजे वर्गातला सगळ्यात उंच मुलगा, जो पुढे न्यायाधीश झाला आणि आता थोडा वाकला होता. पुढच्या रांगेत कोकिळा बहिणींची जागा होती. सगळ्या शाळेत गळा होता तो या दोघींना. त्यांतली थोरली परदेशात होती. धाकटी आली होती, पण गळ्याला मफलर. घशाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी महिनाभर बोलायलाही बंदी केलेली. तिने हातानेच "तुम्ही म्हणा" अशी खूण केली.

"काही काळजी नको," ढोल म्हणाला. "ती नाही तर नाही, आपण एवढे आहोत की!"

"अर्थात," बांबू म्हणाला.

"अर्थात," काटेसाहेबही म्हणाले.

दोघांनी धरून बाईंना पायपेटीपाशी आणलं. बाई अगदी वाळून गेल्या होत्या, पण स्टुलावर बसल्याबरोबर पाय आपसूक भात्यावर गेले. पेटीने एक मोठा श्वास घेतला. तोच आवाज, तेच दोन सूर, आणि काटेसाहेबांना जिन्याखालच्या त्या खोलीतला पॉलिशचा वास आला. तोंडात पेपरमिंट विरघळू लागलं. कंडक्टरबाई, मास्तर, टाचा, सगळं पुसलं गेलं. बाईंनी मान हलवून खूण केली आणि काटेसाहेबांनी तोंड उघडून, चेहरा छान ठेवून, फक्त ओठ हलवले.

उघडा दारे, उघडा खिडक्या.

पेटी वाजत होती. पण गाणं ऐकू येत नव्हतं. काटेसाहेबांना वाटलं, आपल्याला बहिरेपण आलं. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून ढोलकडे पाहिलं. ढोलच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, भुवया नाचत होत्या, तोंड मोठं उघडत होतं. आवाज नव्हता. त्यांनी बांबूकडे पाहिलं. न्यायाधीशमहाराज डोळे मिटून, अत्यंत भावपूर्ण चेहऱ्याने, कुठल्याही आवाजाशिवाय गात होते. पुढच्या रांगा पाहिल्या. सगळं पथक ओठ हलवत होतं, एका तालात, एकाच वेळी, फार सुंदर. तेवढ्यात माइकवाला धावत आला आणि माइकवर टिचक्या मारू लागला. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "आवाज नाही!" माइकवाला म्हणाला, "हॅलो, हॅलो," आणि ते मात्र सगळ्या सभागृहात घुमलं.

तेव्हा काटेसाहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. मधल्या सुट्टीत त्या खोलीत फक्त ते एकटेच गेले नव्हते. सगळे गेले होते, एकेक करून. प्रत्येकाच्या हातावर पेपरमिंट होतं आणि प्रत्येकाने शब्द पाळला होता. आवाजी ढोलने पाळला, न्यायाधीशाने पाळला. इतकी वर्षं या सगळ्या म्हाताऱ्यांनी एकेकट्याने, दुसरा खरा गातोय आणि आपण खोटे, असं समजून काढली होती.

काटेसाहेबांना हसू आलं, आणि हसूबरोबर रडूही आलं, आणि दोन्ही एकदम बाहेर यायला बघत होती म्हणून त्यांनी तोंड उघडलं. बाहेर पडलं ते गाणं.

"सकाळ आली अंगणी!"

दारापासून मागच्या सीटपर्यंत गेलं ते. उंच चढलं, रस्ता चुकलं आणि थांबलं नाही. प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी दचकून गालाला हात लावला. ढोलने मान वळवून पाहिलं, त्याच्या डोळ्यांत आधी घबराट होती, मग दुसरंच काही. पुढची ओळ ढोलने उचलली, पार वेगळ्या गावाहून. मग बांबू आला, मग पुढची रांग, प्रत्येक जण आपापल्या सुरात, आपापल्या वेगात. काचेच्या कपाटात तो कप थरथरत होता. बाईंचे हात पेटीवर एक क्षण थांबले. त्यांनी कान टवकारले, शेवटच्या रांगेच्या दिशेला मान तिरपी केली, आणि सूर शोधत शोधत पट्टी बदलली. काटेसाहेबांची पट्टी धरली. ज्या पेटीला धक्का लागू नये म्हणून एका मुलाचा आवाज बंद केला होता, ती पेटी आता त्याच्या मागून येत होती. काटेसाहेबांना हातातल्या कागदावरच्या पुढच्या ओळी दिसतच नव्हत्या, डोळ्यांत पाणी होतं; पण त्या तोंडपाठ होत्या. इतकी वर्षं ओठ त्याच तर म्हणत आले होते.

गाणं संपल्यावर सगळ्यांनी बाईंना गराडा घातला. जो तो ओरडून विचारत होता, "बाई, मलाही? यालाही?"

"कोणी कोणाला बोलला नाहीत ना?" बाई म्हणाल्या. "गुणी मुलं." मग पेटीचं झाकण लावत म्हणाल्या, "नोकरी नवी होती रे. हेडमास्तर म्हणाले होते, कप आला तर कायम करू. दोन पोरी गायच्या, त्यांच्यावर मी सगळी शाळा उभी केली. मला फार भीती वाटत होती तेव्हा."

"बाई, मला वाटायचं माझा एकट्याचाच आवाज वाईट," काटेसाहेब म्हणाले.

"वाईट होताच. पण मूल होतास, तुला गाऊ द्यायला हवं होतं." त्यांनी त्यांचा हात हातात घेतला. "मलाही माझ्या मास्तरांनी सांगितलं होतं, तू पेटीच वाजव, गाऊ नकोस."

"मग तुम्ही कधीच नाही गायलात?"

"आज गायले की. तुमच्या गोंधळात कोणाला कळलं?" बाई हसल्या, पर्समध्ये चाचपडून त्यांनी पेपरमिंटची एक गोळी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. "पण हे आपल्या दोघांतच हं."

काटेसाहेबांनी हे घरी पोचेपर्यंत बायकोला, रिक्षावाल्याला, दंतवैद्यबाईंना आणि सेक्रेटरींना सांगितलं. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग दुरुस्ती झाली असं समजू का, कागद काढून टाकतो. काटेसाहेब म्हणाले, असू द्या अजून थोडे दिवस.

लेक मुक्कामालाच आली होती. दुपारी पोर रडायला लागली तेव्हा काटेसाहेबांनी तिला खांद्यावर घेतलं आणि खोलीत फेऱ्या घालायला लागले. बायकोने हातातलं काम थांबवलं. काटेसाहेबांनी घसा साफ केला, नातीच्या इवल्याशा कानाशी तोंड नेलं आणि म्हणायला सुरुवात केली, "उघडा दारे, उघडा खिडक्या..."

नात क्षणभर गप्प झाली. तिने मान मागे करून आजोबांचं तोंड नीट पाहून घेतलं, आणि मग असा काही टाहो फोडला की खालून दंतवैद्यबाईंच्या दवाखान्याचं दार उघडल्याचा आवाज आला.

लेक धावत आली. "बाबा, अहो बाबा! तिला मिलिग्रॅम म्हणा ना. मी त्यावरच झोपायचे. तीसुद्धा त्यावरच झोपते, मी घरी रोज तेच म्हणते."

काटेसाहेब थांबले. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती रोज तेच म्हणते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या त्या बेसूर कोष्टकाने एक पोर मोठी झाली होती आणि दुसरी होत होती, आणि कोणी कधी त्यात काही कमी असल्याचं म्हटलं नव्हतं.

"म्हणतो," ते म्हणाले, आणि रडणाऱ्या नातीला त्यांनी दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "म्हणतो. पण आधी हे कडवं तेवढं पुरं करू दे."